उजेड कोणाचा? फ्लुरोसंट डीएनए प्रोबने एन्झाइमची सक्रियता मोजण्याची पद्धत

प्लेट रीडरच्या (नमुन्यांचा उजेड मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर रेघ वर चढू लागली की आपलं एन्झाइम काम करतंय असं आपण धरून चालतो. पण ती रेघ चढायला इतरही कारणं पुरतात. नमुन्यातल्या भलत्याच न्यूक्लिएजने, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने, प्रोब (रंग जोडलेला डीएनएचा छोटा धागा) तोडलेला असू शकतो. एकपदरी डीएनएला चिकटणाऱ्या एखाद्या प्रथिनाने तो न तोडता नुसताच उलगडलेला असू शकतो. पेशीरसातले फ्लेविन नावाचे रेणू स्वतःच हिरवट चमकतात. बफरचा पीएच सरकला किंवा प्लेट अजून तापत असली तरी आकडा हलतो. या प्रत्येक शंकेचं उत्तर प्रोबची ऑर्डर देण्याआधीच ठरवून ठेवायचं असतं, कारण नंतर कितीही चांगला आलेख काढला तरी ते उत्तर त्यातून मिळत नाही.

कलिना, माटुंगा, परळ, विलेपार्ले अशा ठिकाणी एमएस्सीचा प्रबंध करणारे किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात असलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. पीसीआर, पिपेटिंग, ब्रॅडफर्ड (प्रथिन मोजण्याची चाचणी) एवढं हाताखालून गेलेलं आहे असं गृहीत धरलंय.

एक एन्झाइम निवडू

सगळ्या एन्झाइमांची वरवरची यादी देण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ: युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज, म्हणजे युडीजी. डीएनएमधल्या सायटोसिनमधून अमिनो गट आपोआप गळतो आणि तिथे युरॅसिल तयार होतं. प्रत्येक मानवी पेशीत हे रोज शेकड्यांनी घडतं. वेळेत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रतीत सी-जी जोडीच्या जागी टी-ए येते. युडीजी हे चुकीचं युरॅसिल नेमकं उचलून काढतं. साखर-फॉस्फेटचा कणा तसाच ठेवतं आणि मागे बेस नसलेली रिकामी जागा उरते. टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये हे एन्झाइम ई. कोलायमध्ये शोधलं. डीएनए दुरुस्तीवरच्या कामासाठी त्यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

शिकण्यासाठी युडीजी निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. या एन्झाइमला मॅग्नेशियम लागत नाही. बहुतेक न्यूक्लिएजना ते लागतं. त्यामुळे बफरमध्ये मॅग्नेशियम बांधून ठेवणारा ईडीटीए टाकला की पेशीरसातले बहुसंख्य न्यूक्लिएज गप्प बसतात आणि युडीजी चालू राहतं. शिवाय या एन्झाइमचा अतिशय नेमका अवरोधक उपलब्ध आहे, उगी नावाचं छोटं प्रथिन. ते पीबीएस-१ आणि पीबीएस-२ या जिवाणूभक्षी विषाणूंकडून आलं. या विषाणूंच्या डीएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिलच असतं, त्यामुळे यजमानाच्या युडीजीला रोखल्याशिवाय त्यांचा निभाव लागत नाही. इतका चांगला अवरोधक फार थोड्या एन्झाइमांच्या नशिबी असतो.

प्रोब कसा उजळतो

प्रोबच्या एका टोकाला उजेड देणारा रंग, दुसऱ्या टोकाला तो उजेड गिळणारा क्वेंचर. दोन्ही जवळ असले की अंधार, लांब गेले की उजेड. थिओडोर फर्स्टर यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या ऊर्जा-हस्तांतरणाच्या नियमानुसार हा परिणाम अंतराच्या सहाव्या घाताने बदलतो आणि साधारण १ ते १० नॅनोमीटरच्या टप्प्यातच जाणवतो. दुपदरी डीएनएची एक पायरी ०.३४ नॅनोमीटरची, म्हणजे वीस जोड्या मध्ये आल्या की जवळपास ७ नॅनोमीटर झाले. रंग आणि क्वेंचर एकमेकांना अगदी चिकटून असले तर त्याहूनही गडद अंधार होतो, कारण तिथे थेट संपर्कातून होणारं शमन काम करतं.

संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये मांडलेला मॉलिक्युलर बीकन याच तत्त्वावर उभा आहे. डीएनएचा एकच धागा, त्याची दोन टोकं आपसात जुळून हेअरपिन बनते, रंग आणि क्वेंचर शेजारी येतात. आपण हेअरपिनच्या दांड्यात युरॅसिल पेरू. युडीजीने ती काढली की जोड्या सुटतात, दांडा ३७ अंशांवर टिकत नाही, हेअरपिन उघडते आणि उजेड वाढतो.

रचना: इथे घाई करू नका

उदाहरणादाखल ही रचना घ्या, ५′ टोकाकडून ३′ टोकाकडे:

फॅम – सी सी यू ए यू सी यू ए सी – टी टी टी टी टी – जी टी ए जी ए टी ए जी जी – बीएचक्यू-१

फॅम हा उजेड देणारा रंग, बीएचक्यू-१ हा क्वेंचर. दांडा नऊ जोड्यांचा, फास पाच टींचा, एकूण २३ बेस. ५० मिलिमोलर सोडियममध्ये याचं वितळण्याचं तापमान हिशेबाने ५५ अंशांच्या आसपास येतं. म्हणजे ३७ अंशांवर हेअरपिन नीट मिटलेली राहते, पण तीन रिकाम्या जागा झाल्यावर टिकत नाही. हा तोल महत्त्वाचा आहे. दांडा बारा-चौदा जोड्यांचा, जी-सीने भरलेला केला तर युडीजी आपलं काम पूर्ण करेल आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. सहा जोड्यांचा केला तर प्रोब एन्झाइमशिवायच अर्धवट उघडा राहील.

युरॅसिल टोकापासून आत ठेवलेत, तेही मुद्दाम. उमेश वार्ष्णेय आणि व्हॅन डी सांडे यांनी १९९१ मध्ये दाखवलं की ई. कोलायचं युडीजी ३′ टोकाचं आणि त्याच्या अलीकडचं युरॅसिल काढू शकत नाही. ५′ टोकाला फॉस्फेट नसेल तर तिथलंही युरॅसिल तसंच राहतं. वार्ष्णेय पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच एन्झाइमावर दीर्घकाळ काम करत राहिले. या क्षेत्रात शिरणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने त्यांचे शोधनिबंध आवर्जून वाचावेत.

फॅमशेजारी सी ठेवलाय, जी नाही. ग्वानिन फॅमचा उजेड इलेक्ट्रॉन देऊन कमी करतं. आपल्या रचनेत जी समोरच्या बाजूला, क्वेंचरकडे आहे. मिटलेल्या अवस्थेत तो अंधार गडद करायला मदतच करतो आणि हेअरपिन उघडल्यावर फॅमपासून दूर जातो.

फॅमचं उत्तेजन ४९५ आणि उत्सर्जन ५२० नॅनोमीटरच्या आसपास. बीएचक्यू-१ ची शोषणक्षमता ५३४ ला सर्वाधिक, म्हणून जोडी जमते. डॅबसिल या दुसऱ्या क्वेंचरचं शोषण ४५० च्या आसपास असल्याने फॅमसोबत ते तितकंसं जुळत नाही, पण हेअरपिनमध्ये संपर्क थेट असल्याने चालून जातं. पेशीरस घेऊन काम करणार असाल आणि पैसे असतील तर साय-५ हा रंग आणि बीएचक्यू-३ हा क्वेंचर घ्या. ६५० नॅनोमीटरच्या पुढे नमुन्याची स्वतःची चमक फार कमी असते.

आता दुसरा प्रोब. याच क्रमातले तिन्ही यू बदलून टी करा, बाकी सगळं तसंच. हा नियंत्रण प्रोब. त्याची ऑर्डर पहिल्या प्रोबसोबतच द्या, नंतर बघू म्हणू नका. त्याच्याशिवाय मिळालेला निकाल मी तरी ग्राह्य धरत नाही.

ऑर्डर देताना आणि ट्यूब आल्यावर

ऑर्डरच्या फॉर्ममध्ये क्रमात साधा यू टाइप केला तर काही ठिकाणी त्याचा अर्थ आरएनएमधलं युरिडिन असा घेतला जातो. आपल्याला डीऑक्सियुरिडिन हवं. ते फॉर्ममध्ये अंतर्गत बदल म्हणून वेगळ्या कोडने निवडावं लागतं. आरएनएमधल्या युरॅसिलला युडीजी हात लावत नाही, त्यामुळे चुकीचा धागा आला तर प्रयोग कायमचा अंधारात. फॉर्मची खात्री फोनवर किंवा ईमेलवर करून घ्या.

शुद्धीकरण एचपीएलसीचंच मागा. डीएनएचं संश्लेषण ३′ कडून ५′ कडे होतं. क्वेंचर आधारावर आधीपासून बसलेला असतो आणि फॅम सगळ्यात शेवटी जोडला जातो. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या धाग्यांवर क्वेंचर असतो पण फॅम नसतो. ते अंधारेच राहतात आणि फक्त सांद्रतेचा हिशेब बिघडवतात. पार्श्वभूमीचा उजेड वाढतो तो धाग्याला न जोडलेल्या, मोकळ्या फॅममुळे. शुद्धीकरणात ते गेलं नसेल तर पहिल्याच वाचनात आकडा चढा दिसेल.

ट्यूब आली की उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक झटका द्या, कारण सुकलेला डीएनए प्रवासात झाकणाला चिकटलेला असतो. मुंबईच्या पावसाळ्यात अजून एक काळजी घ्यावी लागते. उणे २० मधून काढलेली ट्यूब लगेच उघडली तर हवेतलं पाणी आतल्या सुक्या पावडरीवर जमतं. सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण उघडा.

लेबलवर जितके नॅनोमोल लिहिलेत त्याच्या दहापट मायक्रोलिटर टीई घाला (१० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.०, ०.१ मिलिमोलर ईडीटीए). म्हणजे १०० मायक्रोमोलरचा साठा झाला. समजा लेबलवर १२.४ नॅनोमोल असेल तर १२४ मायक्रोलिटर. अर्धा तास ठेवून हलकेच ढवळा. २६० नॅनोमीटरवर शोषण मोजून सांद्रता पडताळा, पण शोषणाचा गुणांक मात्र कंपनीच्या पत्रकावरचा, रंग आणि क्वेंचर धरून दिलेला घ्या. नुसत्या डीएनएचा गुणांक वापरला तर आकडा फुगतो. मग दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून गडद रंगाच्या ट्यूबमध्ये, फॉइल गुंडाळून उणे २० ला ठेवा.

वीज गेली तर? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगरातली वीज काही तास गेली होती. असा प्रसंग आला तर टीईमधला डीएनए सहज तगतो, एन्झाइम तगेलच असं नाही. म्हणून एन्झाइमच्या ट्यूब फ्रीझरमध्येही थंड ब्लॉकमध्येच ठेवायच्या.

एन्झाइम घालण्याआधी प्रोबची परीक्षा

१ मायक्रोमोलर प्रोब बफरमध्ये ९५ अंशांवर तीन मिनिटं तापवा आणि लगेच बर्फात ठेवा. झटकन थंड केल्याने धागा स्वतःशीच जुळतो. हळू थंड केलं तर दोन धागे एकमेकांशी जुळण्याची शक्यता वाढते. (दोन वेगळ्या धाग्यांचा प्रोब असेल तर उलट, हळूहळू थंड करायचं.)

मग रिअल-टाइम पीसीआर मशीनवर २५ ते ९० अंशांपर्यंत वितळण्याचा आलेख काढा. करोनानंतर हे मशीन बऱ्याच प्रयोगशाळांत पोचलं आहे, ज्यांच्याकडे प्लेट रीडर नाही तिथेही. यू-प्रोब आणि टी-प्रोब दोन्हींचा आलेख एस आकाराचा यायला हवा आणि ३७ अंश त्याच्या खालच्या सपाट भागात पडायला हवेत. सपाट भाग ३७ च्या आधीच संपत असेल तर मीठ थोडं वाढवा किंवा दांड्यात एक जोडी वाढवून प्रोब नव्याने मागवा. आलेख मुळात उंचावरूनच सुरू होत असेल तर मोकळ्या रंगाचा संशय घ्या.

बफर

दहापट साठा: २०० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल, ५०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८.० (२५ अंशांवर). अंतिम अभिक्रियेत १ मिलिमोलर डीटीटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) आणि मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) येईल असं त्या दिवशी ताजं मिसळा.

ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ ला ८.० असलेलं बफर ३७ ला ७.७ च्या आसपास येतं. फॅमचा पीकेए ६.४ च्या जवळ असल्याने ७.७ ला ते पूर्ण तेजात असतं, चिंता नाही. पण आम्लधर्मी नमुना घातला आणि पीएच ७ च्या खाली गेला तर उजेड घटेल आणि तो एन्झाइमचा अवरोध भासेल. नवीन संयुगांची चाचणी करणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवावं.

मीठ वाढवण्याचा मोह आवरा. युडीजी जास्त मिठात मंदावतं.

प्रत्यक्ष प्रयोग

५० मायक्रोलिटरची अभिक्रिया काळ्या ९६-वेल (९६ खळग्यांच्या) प्लेटमध्ये:

दहापट बफर ५ मायक्रोलिटर
२ मायक्रोमोलर प्रोब ५ मायक्रोलिटर (शेवटी २०० नॅनोमोलर, म्हणजे वेलमध्ये १० पिकोमोल)
पाणी ३५ मायक्रोलिटर
एन्झाइम किंवा नमुना ५ मायक्रोलिटर

एन्झाइम सोडून बाकी सगळं एकत्र करून प्लेट ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेवा. पाच मिनिटं नुसतंच वाचन घ्या. रेघ आडवी येईपर्यंत एन्झाइमला हात लावायचा नाही. ती अजून सरकत असेल तर प्लेट तापलेली नाही. मग मल्टिचॅनल पिपेटने एन्झाइम घाला, बुडबुडे न काढता दोनदा वर-खाली करा आणि ४८५ उत्तेजन, ५२० उत्सर्जन, दर ३० सेकंदांनी, अर्धा तास वाचा. कडेच्या वेलमधून पाणी जास्त उडतं. नमुने आत ठेवा, कडेला नुसतं बफर.

रिअल-टाइम पीसीआर मशीनवर करायचं तर व्हॉल्यूम २० ते २५ मायक्रोलिटर, ३७ अंशांवर ३० सेकंदांचं चक्र आणि प्रत्येक चक्रात फॅम चॅनलचं वाचन. रॉक्स या संदर्भ-रंगाचं वाचन बंद करा, नाहीतर मशीन नसलेल्या रंगाने भागाकार करत बसतं. झाकणाचं तापमान उतरवता येत असेल तर ५० च्या आसपास आणा.

विकतचं युडीजी फार जोरकस असतं. युनिटची व्याख्या कंपनीगणिक बदलते: एका प्रचलित व्याख्येत १ युनिट म्हणजे मिनिटाला ६० पिकोमोल युरॅसिल, दुसऱ्या एका व्याख्येत तासाला १ नॅनोमोल. दोघांत ३.६ पटींचा फरक आहे, म्हणून प्रबंधात नुसतं युनिट लिहून थांबू नये. आपल्या वेलमध्ये एकूण ३० पिकोमोल युरॅसिल आहे. पहिल्या व्याख्येचं १ युनिट हिशेबाने अर्ध्या मिनिटात ते संपवेल. तेव्हा शंभरपट ते हजारपट पातळ करून सुरुवात करा. पातळ करण्याच्या बफरमध्ये बीएसए हवंच, कारण इतक्या कमी सांद्रतेत एन्झाइम प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून नाहीसं होतं.

नियंत्रणं: अर्धा प्रयोग हाच

प्रत्येक प्लेटवर, प्रत्येक वेळी, हे वेल हवेत आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे.

यू-प्रोब, नमुना नाही: काही न घालता प्रोब किती सरकतो? फॅम उजेडात फिकं होत असेल तर इथे रेघ खाली जाताना दिसेल. तसं असेल तर वाचनांमधलं अंतर वाढवा.

नमुना, प्रोब नाही: पेशीरसाची स्वतःची चमक किती? ही वजा करायची.

टी-प्रोब आणि नमुना: युरॅसिल नसतानाही उजेड वाढतो का? वाढला तर न्यूक्लिएज आहे किंवा हेअरपिन उलगडणारं प्रथिन आहे. दोन्हींत भेद करायचा असेल तर शेवटी प्रोटिनेज-के घाला. उलगडणारं प्रथिन पचलं की हेअरपिन पुन्हा मिटते आणि उजेड उतरतो. तुटलेला प्रोब पुन्हा जुळत नाही.

यू-प्रोब, नमुना आणि उगी: नमुन्यात उगी घालून ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेवा, मग प्रोब. उगी युडीजीशी एकास एक प्रमाणात इतकं घट्ट बसतं की व्यवहारात ते सुटत नाही. उगीने विझलेला उजेड तेवढा युडीजीचा. मानवी पेशींत एसएमयूजी-१ आणि टीडीजी ही एन्झाइमंही युरॅसिल काढतात आणि ती उगीला दाद देत नाहीत, म्हणून उगीनंतरही थोडी चढण उरली तर ती चूक समजून खोडू नका.

यू-प्रोब आणि शुद्ध युडीजी: आजचा प्रोब, बफर, यंत्र ठीक आहेत का? आणि अशाच एका वेगळ्या वेलमध्ये तुमचा नमुनाही मिसळून ठेवा. शुद्ध एन्झाइमचा वेग नमुन्यामुळे उतरला तर नमुन्यातच काहीतरी अवरोधक आहे.

उकळलेला पेशीरस नियंत्रण म्हणून वापरायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ई. कोलायच्या युडीजीसाठी ती धोक्याची आहे. हे एन्झाइम ९५ अंशांनंतरही पूर्ण मरत नाही आणि थंड झाल्यावर थोडं काम पुन्हा सुरू करतं. शक्य असेल तर युंग, म्हणजे युडीजीचं, जनुक निकामी असलेला स्ट्रेन घ्या. सीजे-२३६ हा जुना, सहज मिळणारा आहे. साधा के-१२ (युडीजी शाबूत असलेला ई. कोलाय) आणि सीजे-२३६ शेजारीशेजारी लावले की तुमची पद्धत खरी की खोटी हे एका प्लेटवर कळतं.

पेशीरस घेऊन काम करताना

पेशी मॅग्नेशियम नसलेल्या, ईडीटीए आणि प्रोटिएज-अवरोधक घातलेल्या बफरमध्ये फोडा. १२,००० जी, १५ मिनिटं, ४ अंश. वरचं स्वच्छ द्रव घ्या, ब्रॅडफर्ड करा, १० ते २० टक्के ग्लिसरॉल घालून लहान भागांत उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही.

किती प्रथिन घालायचं हे ठरवण्यासाठी ०.१ ते ५ मायक्रोग्रॅमची मालिका करा आणि वेग प्रथिनाच्या प्रमाणात वाढतो तोच टप्पा वापरा. दुप्पट प्रथिन घालून वेग दुप्पट होत नसेल तर तुम्ही त्या टप्प्याच्या बाहेर आहात.

ई. कोलायमधलं एंडोन्यूक्लिएज-४ ईडीटीएमध्येही चालतं आणि युडीजीने केलेल्या रिकाम्या जागी धागा तोडतं. त्याने उजेड थोडा अधिक चढतो. मूळ कारण युडीजीच असल्याने निकाल बिघडत नाही, पण कमाल उजेड शुद्ध एन्झाइमपेक्षा वेगळा येतो, म्हणून पेशीरसाचं मोजमाप पेशीरसाच्याच कमाल आकड्याशी करा.

मुंबईत नमुने एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे हे नेहमीचं आहे. खारघरहून हार्बर लोकलने कुर्ल्यापर्यंत आणि तिथून कलिन्याला जायचं तर नमुने बर्फ भरलेल्या थर्मोकोलच्या डब्यात, ट्यूब रॅकमध्ये उभ्या, झाकणांना पॅराफिल्म. बर्फाचं पाणी झाकणापर्यंत चढता कामा नये. सकाळच्या गर्दीची वेळ टाळा आणि यंत्राचं बुकिंग पोचण्याच्या अंदाजापेक्षा तासभर उशिराचं घ्या. मानवी नमुने असतील तर दोन्ही संस्थांच्या जैवसुरक्षा आणि नैतिकता समित्यांची परवानगी आधी हातात हवी. तुमच्या महाविद्यालयात यंत्रच नसेल तर पवईच्या आयआयटीतली सैफ ही सुविधा बाहेरच्या विद्यार्थ्यांचंही काम घेते. यंत्रांची यादी आणि दर आधी पाहून घ्या.

आकड्यांवरून सक्रियता

यंत्र देतं ते एकक त्या यंत्रापुरतंच असतं. दुसऱ्या यंत्रावर, किंवा त्याच यंत्रावर गेन (उजेड किती पटीने वाढवून मोजायचा ते) बदलल्यावर, त्याला अर्थ उरत नाही. म्हणून पिकोमोलमध्ये आणायचं.

५०, १००, २०० आणि ४०० नॅनोमोलर प्रोबमध्ये भरपूर युडीजी घालून रेघ सपाट होईपर्यंत थांबा. प्रत्येक सांद्रतेचा सुरुवातीचा उजेड या सपाट उजेडातून वजा करा आणि सांद्रतेसमोर मांडा. सरळ रेषा यायला हवी.

समजा २०० नॅनोमोलरला सुरुवात ४०० आणि कमाल ६,४००. फरक ६,०००, वेलमध्ये प्रोब १० पिकोमोल, म्हणजे एका पिकोमोलला ६०० एकक. नमुन्याची चढण मिनिटाला १५०, टी-प्रोबची ३०. निव्वळ १२०. भागिले ६००, म्हणजे मिनिटाला ०.२ पिकोमोल. वेलमध्ये २ मायक्रोग्रॅम प्रथिन असेल तर उत्तर मिनिटाला, मायक्रोग्रॅममागे ०.१ पिकोमोल.

चढण घेताना एक अडचण लक्षात ठेवा. आपल्या प्रोबमध्ये तीन युरॅसिल आहेत. पहिलं निघालं तरी हेअरपिन मिटलेलीच राहू शकते, म्हणून रेघ सुरुवातीला किंचित रेंगाळते आणि मग उठते. रेंगाळणं संपल्यावरचा सरळ भाग घ्या आणि प्रोब वीस टक्क्यांपेक्षा जास्त उघडण्याआधी थांबा. हा आकडा उघडलेल्या प्रोबचा आहे, निघालेल्या युरॅसिलचा नाही. प्रबंधात तसंच स्पष्ट लिहा. युरॅसिल मोजायचीच असतील तर एकच युरॅसिल असलेला फॅम-धागा घ्या, अभिक्रियेनंतर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ अंशांवर दहा मिनिटं तापवून रिकाम्या जागी तोडा आणि ७ मोलर युरियाच्या २० टक्के जेलवर चालवा. प्लेटच्या निकालाला एवढा एक स्वतंत्र साक्षीदार असला की मार्गदर्शकांपासून परीक्षकांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न निम्म्यावर येतात.

किमान मोजता येणारी पातळी सांगायची तर कोऱ्या वेलच्या चढणींची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं, हा रूढ मापदंड आहे. कोरे वेल निदान आठ तरी ठेवा. आणि एकाच ट्यूबमधून भरलेले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशी मोजा.

काही बिघडलं तर

उजेड वाढतच नाही आणि शुद्ध एन्झाइमलाही वाढत नाही: डीऑक्सियुरिडिनची ऑर्डर तपासा, मग वितळण्याचा आलेख. सगळे वेल सारखेच चढतात, कोरेही: पाण्यात किंवा बीएसएमध्ये न्यूक्लिएज आहे, दोन्ही बदला. एन्झाइम घातल्याक्षणी उडी आणि मग सपाट: बहुतेकदा बुडबुडा, नमुन्याची चमक, किंवा एन्झाइम फार जास्त; दहापट पातळ करून तिन्ही एकदम तपासता येतात. यंत्राचा आकडा कमाल मर्यादेला अडकतो: गेन उतरवा, प्रोब कमी करू नका.

हाच साचा दुसऱ्या एन्झाइमांना

डीनेज-१ या डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमसाठी हेअरपिनची गरज नाही. दहा-बारा बेसचा धागा, दोन टोकांना फॅम आणि क्वेंचर, बफरमध्ये २.५ मिलिमोलर मॅग्नेशियम आणि ०.५ मिलिमोलर कॅल्शियम. इथे ईडीटीए नियंत्रण म्हणून वापरायचा, कारण तो घातल्यावर उजेड थांबायलाच हवा. मात्र रक्ताचे नमुने ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलेले असतील तर त्यात डीनेज मोजायला जाऊ नका.

एपीई-१ या रिकाम्या जागी धागा तोडणाऱ्या एन्झाइमसाठी दुपदरी प्रोबमध्ये टेट्राहायड्रोफ्युरानची रिकामी जागा ठेवतात, कारण नैसर्गिक रिकामी जागा साठवणीत आपोआप तुटते. तुकडा सहा-सात बेसचा ठेवला की कापल्यावर तो ३७ अंशांवर स्वतःहून सुटतो. मॅग्नेशियम इथे आवश्यक आहे, त्यामुळे न्यूक्लिएजपासूनचं संरक्षण गेलं. रिकामी जागा नसलेला नियंत्रण प्रोब दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

ईको-आरवनसारख्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमसाठी जीएएटीटीसी ही त्याची ओळख-जागा दांड्याच्या मध्ये, दोन्ही बाजूंना पुरेशा जोड्या सोडून. एका अक्षराने बदललेली ओळख-जागा नियंत्रण प्रोबमध्ये ठेवा आणि ग्लिसरॉल ५ टक्क्यांच्या आत, नाहीतर एन्झाइम त्या बदललेल्या जागेवरही कापू लागतं.

पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेज स्वतः काही तोडत नाही. तिथे ५′ टोकाला फॉस्फेट लागल्यावरच नीट चावणारं लॅम्डा एक्झोन्यूक्लिएज सोबत घालतात आणि कायनेजने फॉस्फेट लावलं की धागा खाल्ला जातो. अशा जोड-चाचणीत दुसरं एन्झाइम भरपूर असलं पाहिजे. त्याची मात्रा दुप्पट करून पाहा. वेग बदलला तर तुम्ही अजून कायनेज मोजत नाही आहात.